नळी नेमकी कधी वाढते? कार्बन नॅनोट्यूबच्या जन्माचा लेसरने केलेला तपास

लेसरने ग्रॅफाइटची वाफ करून एकभिंती कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंच्या एकाच थराच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, बनवता येतात, हे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले. कृती ऐकायला सोपी आहे. ग्रॅफाइटमध्ये टक्काभर निकेल आणि तेवढेच कोबाल्ट मिसळून एक लक्ष्य तयार करायचे. ते क्वार्ट्झच्या नळीत ठेवून भट्टीत हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, नळीतून आर्गॉन वायू संथपणे वाहता ठेवायचा आणि लक्ष्यावर लेसरचे स्पंद मारायचे. पुढच्या थंड भागात काळी, जाळीदार काजळी साचते. सगळे जुळून आले तर उडालेल्या कार्बनपैकी ७० टक्क्यांहून अधिक कार्बन नळ्यांच्या रूपात हाती येतो, असे याच गटाने १९९६ मध्ये जाहीर केले.

हा आकडा पाहून आनंद होण्याआधी कोडेच पडायला हवे. लेसरचा स्पंद काही नॅनोसेकंदांचा. त्याने उडालेली वाफ हजारो अंश तापलेली, आयनांनी भरलेली, आवाजापेक्षा वेगाने फुगणारी. अशा गोंधळातून जेमतेम सव्वा-दीड नॅनोमीटर व्यासाच्या, अणू अन् अणू जागच्या जागी असलेल्या नळ्या निघतात, त्याही बहुसंख्येने. मधल्या काळात काय घडते?

याची उत्तरे सुचवली गेली होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. स्मॉली गटाची कल्पना अशी, की धातूचा एखादा अणू किंवा काही मोजके अणू नळीच्या उघड्या काठावर फिरत राहतात, काठ मिटू देत नाहीत आणि आलेला प्रत्येक कार्बन नीट बसवतात. या कल्पनेला ‘स्कूटर’ असे नावही मिळाले. दुसरी कल्पना धातूच्या थेंबाची: वितळलेल्या नॅनोकणात कार्बन विरघळतो आणि कण संपृक्त झाला की नळीच्या रूपाने बाहेर पडतो. सिलिकॉनचे केसासारखे स्फटिक अशाच मार्गाने वाढतात, हे १९६४ पासून ठाऊक होते. तिसरी शक्यता अशी, की कार्बनची आधी साधी काजळी होते आणि ती काजळीच भट्टीच्या उष्णतेत धातूच्या कणांमार्फत पुन्हा रचली जाऊन नळी बनते.

अडचण ही, की तिन्ही मार्गांनी बनलेली नळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसेल. साचलेल्या काजळीत धातूचे कण आणि नळ्यांच्या जुड्या शेजारी शेजारी सापडतात, पण कोण आधी आले हे त्या चित्रातून कळत नाही. मार्गांमधला फरक वेळेत आहे. पहिल्या कल्पनेत कार्बन सुटे अणू किंवा छोटे रेणू म्हणून हवेत असेपर्यंतच नळी वाढणार. तिसऱ्या कल्पनेत हे सुटे अणू संपल्यावरच खरी वाढ सुरू होणार. म्हणजे ‘नळी कशी बनते’ हा प्रश्न ‘नळी बनत असताना कार्बन कोणत्या रूपात होता’ असा विचारला, तर त्याचे उत्तर घड्याळ लावून मिळू शकते. माझ्या मते या प्रकरणातली कळीची चाल हीच आहे. उपकरणे इतरांकडेही होती.

उडत्या लोटावर दुसरा लेसर

टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत अलेक्झांडर पुरेत्झकी, डेव्हिड जिओहेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घड्याळ लावले. त्यांचे मुख्य निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. भट्टी १,००० अंशांवर, आर्गॉनचा दाब ५०० टॉर (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश), लक्ष्य ग्रॅफाइट-निकेल-कोबाल्टचे, आणि वाफ करण्यासाठी निओडिमियम-याग लेसर. इथपर्यंत सगळे नेहमीचे.

वेगळेपण पुढे आहे. स्पंद पडल्यावर निघालेला वाफेचा लोट सुरुवातीला स्वतःच झगझगीत उजळतो, त्यामुळे त्याचा वर्णपट घेणे सोपे असते. पण ही चमक लवकर मंदावते, आणि आपल्याला रस आहे तो नेमका त्यानंतरच्या काळात. म्हणून पहिल्या स्पंदानंतर ठरवून दिलेल्या विलंबाने दुसरा, तपासणीचा लेसर लोटात सोडायचा. ओक रिजच्या या प्रयोगमालेत त्यासाठी ३०८ नॅनोमीटरचा अतिनील लेसर वापरला गेला. विलंब मायक्रोसेकंदांचा ठेवा, मिलिसेकंदांचा ठेवा किंवा सेकंदांचा. त्या क्षणी लोटात जे काही असेल ते या स्पंदाने पुन्हा उजळते. अत्यंत कमी वेळ उघडणारा कॅमेरा त्याचे चित्र टिपतो आणि वर्णपटमापक त्या उजेडाची फोड करतो.

या उजेडात तीन प्रकारचे साक्षीदार असतात. सुटे धातूचे अणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीवर अरुंद रेषा देतात. दोन अणूंचा कार्बन रेणू ‘स्वान पट्टे’ देतो, ज्यांतला ठळक पट्टा ५१६ नॅनोमीटरजवळ, हिरव्या रंगात असतो. विल्यम स्वान यांनी १८५७ मध्ये ज्वालांच्या प्रकाशात या पट्ट्यांचा अभ्यास केला होता; हायड्रोकार्बनच्या ज्वालेचा निळा-हिरवा गाभा त्यांच्यामुळेच तसा दिसतो. तीन अणूंचा रेणू ४०५ नॅनोमीटरजवळ, जांभळ्या टोकाला उजळतो, आणि तो धूमकेतूंच्या वर्णपटातही सापडतो. तिसरा साक्षीदार म्हणजे घट्ट झालेले कण. त्यांना ना रेषा, ना पट्टे. लेसरने तापले की ते तापलेल्या लोखंडासारखा सलग वर्णपट देतात आणि येणारा प्रकाश विखुरतातही.

त्यामुळे एकाच लोटात ‘अजून सुटे’ आणि ‘जमून गेलेले’ अशी दोन खाती वेगळी मांडता येतात. पट्टे विझत जातात आणि सलग प्रकाश वाढत जातो. ज्या वेळी हा बदल घडतो, ती वेळ म्हणजे वाफेचे कण होण्याची वेळ.

काय दिसले

आधी आकार. लोट आर्गॉनमध्ये पसरत जाऊन विरून जाईल अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात आर्गॉनच्या विरोधामुळे तो कडांनी आत वळला आणि त्याचे धुराच्या वलयासारखे भोवऱ्याचे कडे झाले. उडालेला सगळा माल या कड्यात अडकून राहिला. त्याचे आकारमान जेमतेम एक घन सेंटीमीटर, आणि ते कित्येक सेकंद तसेच टिकले. वर्णपटात न दिसणारी, फक्त चित्रातच कळणारी ही गोष्ट पुढच्या सगळ्या तर्काचा पाया आहे. माल पसरला असता, तर कण एकमेकांना क्वचितच भेटले असते. इथे कार्बन आणि धातू एकाच कोंडलेल्या जागेत सेकंदभर आणि अधिक घुसळत राहिले.

मग वेळा. कार्बनचे सुटे अणू-रेणू कणांमध्ये जमून जायला लागले सुमारे २०० मायक्रोसेकंद. कोबाल्टला लागले सुमारे २ मिलिसेकंद, म्हणजे दहापट अधिक.

हा क्रम आधी उलटा वाटू शकतो, कारण उत्प्रेरक धातूने आधी कण बनवावेत आणि कार्बनने मग त्यावर बसावे, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. पण वितळणे-उकळणे पाहिले तर क्रम सरळ आहे. कार्बन घन रूपात राहण्याचे तापमान धातूंपेक्षा खूप वर आहे, त्यामुळे लोट निवत असताना त्याचीच पाळी आधी येते. कोबाल्टचा उत्कलनबिंदू २,९०० अंशांच्या आसपास. त्यात लोटात त्याचे प्रमाण टक्काभर, म्हणजे एका कोबाल्ट अणूला दुसरा भेटायलाही वेळ लागतो. ह्यूस्टनमधल्या नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात सिवराम अरेपल्ली, कार्ल स्कॉट आणि सहकारी याच सुमारास लेसर-प्रेरित प्रतिदीप्तीने, म्हणजे लेसरने अणू उत्तेजित करून त्यांनी परत दिलेला उजेड टिपून, निकेलच्या अणूंचा माग काढत होते. त्यांनाही सुटे निकेल अणू मिलिसेकंदांपर्यंत टिकलेले आढळले. दोन वेगळ्या मांडण्या, दोन वेगळे धातू, आणि वेळेची पातळी एकच. अशी जुळणी मला एखाद्या देखण्या आलेखापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

आता स्कूटरच्या कल्पनेची अवस्था पाहू. सुटा कार्बन २०० मायक्रोसेकंदांतच संपतो. मायक्रोमीटरभर लांबीची नळी तेवढ्या वेळात वाढायची, तर वेग सेकंदाला ५ मिलिमीटर हवा. (१०,१०) अशा सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारच्या, १.३६ नॅनोमीटर व्यासाच्या नळीत लांबीच्या प्रत्येक नॅनोमीटरला साधारण १६३ कार्बन अणू बसतात. म्हणजे सेकंदाला ८० कोटींहून अधिक अणू, दर सव्वा नॅनोसेकंदाला एक, तेही चूक न करता, आणि धातू अजून सुटा-सुटा हिंडत असताना. हा हिशेब मी मांडला आहे, ओक रिजच्या निबंधातला नव्हे. पण तो मांडला की पहिली कल्पना किती अवघड जागी सापडते हे लगेच कळते.

उलट, कणांकडे वेळच वेळ आहे. दोन मिलिसेकंदांनंतर कड्यात कार्बनचे आणि धातूचे मिश्र नॅनोकण तरंगत असतात, आणि पुढचे काही सेकंद ते भट्टीच्या तापमानाला असतात. नळ्या या मिश्र कणांना खाद्य म्हणून वापरत वाढतात, असा निष्कर्ष ओक रिजच्या गटाने काढला.

घड्याळ थांबवून पाहणे

इथे थांबले असते तर हा निष्कर्ष ‘बहुधा’ या पातळीवरच राहिला असता. सुटा कार्बन लवकर संपतो एवढेच वर्णपटाने सिद्ध होते. नळी नंतर वाढते, हे त्यावरून केलेले अनुमान. ते तपासायला वाढ मध्येच तोडावी लागते.

लोट भट्टीत कुठे, किती वेळ आहे हे आता कॅमेऱ्यात प्रत्यक्ष दिसत होते. त्यामुळे त्याने गरम पट्ट्यात घालवायचा वेळ कमी-जास्त करणे शक्य झाले. नळी पहिल्या मिलिसेकंदातच पूर्ण होत असेल, तर लोट लवकर बाहेर काढला काय आणि उशिरा काढला काय, लांबीत फरक पडायला नको. फरक पडला. वेळ आखडल्यावर साधारण १०० नॅनोमीटर लांबीच्या आखूड नळ्या मिळाल्या, आणि एका-एका लेसर स्पंदावरून वाढीच्या वेगाचा पहिला अंदाज निघाला: सेकंदाला ०.२ मायक्रोमीटर. वरच्याच हिशेबाने हे सेकंदाला सुमारे ३२ हजार अणू होतात, म्हणजे दर ३० मायक्रोसेकंदाला एक. धातूच्या कणाला हे सहज झेपण्यासारखे.

एकेक स्पंद स्वतंत्र मारण्याचे महत्त्व इथे लक्षात येते. उत्पादनासाठी सेकंदाला अनेक स्पंद मारतात. लोट काही सेकंद टिकत असेल, तर पहिल्याचे कडे तरंगत असतानाच दुसरा, तिसरा, दहावा लोट त्यावर येऊन आदळतो. मग कोणत्या नळीने किती वेळ घेतला हे सांगायला काही आधारच उरत नाही.

२००२ मध्ये याच गटाने वेळ आणखी आवळली, २० मिलिसेकंदांच्याही आत, आणि ७६० ते १,१०० अंशांच्या पट्ट्यात. लोटाचा माग ३०८ नॅनोमीटरच्या स्पंदांचा विखुरलेला प्रकाश पाहून घेतला. कणांचे तापमान त्यांच्या स्वतःच्या प्रारणाचा वर्णपट प्लांकच्या नियमाशी (तापलेली वस्तू कोणत्या तापमानाला कसा उजेड देते हे सांगणारा नियम) जुळवून काढले. मिळालेल्या नळ्यांची सर्वाधिक आढळणारी लांबी ३५ ते ७७ नॅनोमीटर निघाली आणि वाढीच्या वेगाच्या मर्यादा सेकंदाला ०.६ ते ५.१ मायक्रोमीटर. या तुटपुंज्या वेळेत बनलेल्या नळ्या अर्धवट आहेत का, हे रामन वर्णपटाने, म्हणजे अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारा बदल मोजून, तपासले. त्या व्यवस्थित, पूर्ण बांधणीच्या एकभिंती नळ्याच होत्या.

वेगाचा पहिला अंदाज आणि हा दुसरा यांत तिपटीपासून पंचवीसपटीपर्यंत अंतर आहे. काही वाचक यावर नाक मुरडतील. मला ते खटकत नाही. पहिल्या अंदाजात वाढ पूर्ण वेळ एकाच गतीने चालते असे धरावे लागते आणि कणांच्या तापमानाचा तपशील हाती नसतो; दुसऱ्यात तो आहे. शिवाय ठरावीक काळापुरती सरासरी काढताना सुरुवातीचा थांबा किती धरला, यावर उत्तर खूप बदलते. दोन्ही अंदाज सेकंदाला मायक्रोमीटरच्या आसपास आहेत, सेकंदाला मिलिमीटरच्या नाहीत, आणि वादाचा निकाल त्या हजारपटीच्या फरकावर लागतो. नळ्यांची बहुतांश वाढ २० मिलिसेकंदांनंतर, घट्ट झालेल्या कार्बनमधून होते, या निष्कर्षाला २००२ च्या मोजमापांनी दुजोरा दिला.

यादरम्यान, २००१ मध्ये, आणखी एक सरळ परीक्षा झाली होती. वेळ आखडून मिळवलेली, आखूड नळ्या आणि नॅनोकण असलेली काजळी गोळा केली आणि कार्बन डायऑक्साइड लेसरने पुन्हा तापवली. ताजी वाफ नाही, लोट नाही. तरी आखूड नळ्या मायक्रोमीटरच्या पातळीपर्यंत लांब झाल्या. संशयाला फारशी जागा न ठेवणारा हा प्रयोग आहे, आणि गंमत म्हणजे तो सर्वांत कमी नाजूक उपकरणांचा आहे.

कशावर किती विसंबायचे

‘२०० मायक्रोसेकंद’ हा आकडा उद्धृत करताना तो कशाचा आहे हे विसरले जाते. वर्णपट सांगतो तो फक्त सुट्या अणूंचा आणि दोन-तीन अणूंच्या रेणूंचा शेवट. त्यानंतर कार्बन काही काळ पंधरा-वीस-पन्नास अणूंच्या वर्तुळांत, साखळ्यांत, पिंजऱ्यांत असू शकतो. हे रेणू स्वान पट्टे देत नाहीत, आणि प्रकाश विखुरून दिसावेत एवढे मोठेही नसतात. विखुरणारा प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार वाढतो: २० नॅनोमीटरचा एक कण २ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका उजळ. म्हणजे चित्रात जे झळकते ते मोठ्या कणांचे राज्य असते, आणि मधला पल्ला अंधारात राहतो. नळीची अगदी पहिली टोपी, तिचे बीज, याच पल्ल्यात बनत असेल तर या पद्धतीला ते दिसणार नाही. लांबी वाढण्याचा काळ ठरला. जन्माचा क्षण ठरला असे म्हणणे धाडसाचे होईल.

दुसरी सावधगिरी तपासणीच्या लेसरबद्दल. जोरदार अतिनील स्पंद काजळीच्या कणावर पडला तर तो कण तापतोच, वर त्यातून कार्बनचे छोटे रेणू उडूही शकतात. मग कॅमेऱ्यात स्वान पट्टे दिसतात आणि सुटा कार्बन अजून शिल्लक आहे असा भास होतो. असा भास झाला तर कार्बनची वेळ खरीपेक्षा जास्त भरेल, कमी नव्हे. त्यामुळे मूळ निष्कर्षाला धोका नाही. मात्र ज्यांना हीच पद्धत वेगळ्या प्रश्नासाठी वापरायची आहे, त्यांनी तपासणीच्या स्पंदाची ऊर्जा कमी-जास्त करून संकेत कसा बदलतो हे आधी पाहायलाच हवे. दर विलंबाला स्पंद नवा आणि लोटही नवा, ही तिसरी गोष्ट. चलच्चित्रासारखी दिसणारी मालिका अनेक वेगवेगळ्या लोटांच्या चित्रांची असते, आणि तिची विश्वासार्हता एक लोट दुसऱ्यासारखा किती हुबेहूब निघतो यावर असते. भोवऱ्याचे कडे स्थिर निघाले, म्हणून इथे निभावले.

आणि हा निष्कर्ष लेसरने वाफ करण्याच्या पद्धतीपुरता आहे. आज नॅनोट्यूब मोठ्या प्रमाणावर बनतात त्या रासायनिक बाष्प-निक्षेपणाने, जिथे एथिलीन किंवा अॅसिटिलीनसारखा वायू धातूच्या कणांवर सतत सोडला जातो. तिथे काजळी हे खाद्य नसून अडथळा असतो; कण तिने झाकला गेला की वाढ थांबते.

त्या पद्धतीत वर्णपटाचे काम रामन परिणामाने उचलले. एकभिंती नळी श्वास घेतल्यासारखी त्रिज्येच्या दिशेने फुगते-आक्रसते, आणि या कंपनाची वारंवारता व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते: २४८ ला नॅनोमीटरमधल्या व्यासाने भागले की तरंगसंख्या प्रति सेंटीमीटरमध्ये मिळते. १.३६ नॅनोमीटरच्या नळीसाठी ती १८२ येते. १,५९० च्या आसपासचा पट्टा नळी किती वाढली ते सांगतो आणि १,३५० जवळचा पट्टा तिच्यातले दोष. रामन विखुरणे अतिशय क्षीण असल्याने क्षणाक्षणाला बदलणाऱ्या, स्वतः उजळणाऱ्या लोटात ते टिपणे फार कठीण. स्थिर पृष्ठभागावर बसलेल्या कणावर ते जमते. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या राहुल राव, बेंजी मारुयामा आणि सहकाऱ्यांनी एकाच लेसरने उत्प्रेरक तापवला आणि त्याच लेसरने वाढत्या नळीचा रामन वर्णपट घेतला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की एकट्या नळीच्या वाढीचा वेग तिच्या भिंतीतल्या षट्कोनांचा पीळ कोणत्या कोनात आहे यावर अवलंबून असतो. ओक रिजच्या लोटात असा वेग मोजायला जागा नव्हती. तिथली प्रत्येक लांबी ही सगळ्या पिळांच्या नळ्यांमधून काढलेली एकत्रित संख्या होती.